मेंदी रंगाची लोकर

१

बुधवारी दुपारी सुंदरबाईंनी लोकरीची पेटी उघडली आणि त्या तशाच वाकून राहिल्या.

"माझं स्वेटर कुठी गेलं, माय?"

जळगावात धनकुंवरबाई लुंकड यांच्या पुढच्या खोलीत दर बुधवारी दहा-बारा बायका विणायला जमत. मंडळाचं नाव 'सुलट-उलट'. जळगावची थंडी ती केवढी; तरी सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी त्या वर्षभर टोपडी, मोजे, स्वेटर विणत. खोलीच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. घरात उरलेली लोकर आणून तिच्यात टाकायची, आवडेल ती उचलायची. कुणी अर्धवट विणकामही तिथंच ठेवून जाई. पेटीला कुलूप नव्हतं. टाकणारीनं हिशेब ठेवायचा नाही आणि घेणारीनं आभार मानायचे नाहीत, हा धनकुंवरबाईंचाच नियम होता.

सुंदरबाई सावद्याहून येत. केळीच्या व्यापाऱ्याची बायको, मोठ्या आवाजाची आणि सढळ हाताची. पेटीतलीच लोकर घरी नेऊन त्यांनी बाळाचं स्वेटर विणायला घेतलं होतं. मेंदी रंगाची लोकर, तिच्यात बारीक पिवळा धागा पिळलेला. मागच्या बुधवारी इथून परस्पर लग्नाला जायचं म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवलं होतं. पाठ पूर्ण झालेली, पुढचा भाग सुयांवर.

आता पेटीत नुसत्या सुया होत्या. दोन्ही शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. स्वेटर नव्हतं आणि उरलेले गुंडेही नव्हते.

सगळ्यांनी मिळून पेटी उपसली. धनकुंवरबाईंची सून पलक चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून उभी राहिली.

"ती लोकर सुमनबाईंनी आणली होती ना?" ती म्हणाली. "आणि मागच्या बुधवारी सगळ्यात शेवटी त्याच गेल्या."

सुमनबाई साठीच्या होत्या. पिंप्राळ्यात एकट्या राहत. नवरा रेल्वेत होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. खोलीत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येई.

"मीच आणली होती," त्या म्हणाल्या.

"कुठून?"

सुमनबाईंनी हातातलं विणकाम पिशवीत ठेवलं.

"सांगायला काय हरकत आहे?" पलकचा आवाज थोडा चढला. "कुणाची उचलून आणली होती, आणि तो माणूस शोधत आला म्हणून परत नेली, असंच वाटेल ना कुणालाही?"

सुमनबाईंनी पलककडे पाहिलंही नाही. त्या धनकुंवरबाईंकडे वळल्या.

"भाभी, तुम्हाला काही विचारायचं आहे का मला?"

धनकुंवरबाई खुर्चीत बसून टोपड्याचे टाके मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही. लोकर आहे. गेली तर गेली."

सुमनबाई थोडा वेळ थांबल्या. मग पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या. "मी चोर नही शे," एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

२

सारिका बिऱ्हाडे ही मंडळातली सगळ्यात वाईट विणणारी. वर्षभरात तिचा एक मफलर झाला होता, तोही एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. त्याआधी पंचवीस वर्षं तिनं एका विमा कंपनीत दावे तपासले होते. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रक, मेलेल्या म्हशी. खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे तिला पाठ होते. सुमनबाईंचा चेहरा तसा नव्हता. तो वाट पाहणाऱ्या माणसाचा होता.

आणि त्या सुया तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. सुंदरबाईंच्या मुलानं परदेशातून पाठवलेल्या, बांबूच्या. पेटीतली सगळ्यात महागाची वस्तू तीच. चोरानं टाके उतरवले, सुया पुसून ठेवाव्यात तशा ठेवल्या आणि जुनीपुरी लोकर तेवढी नेली. असा कसा चोर?

तिसऱ्या बुधवारीही सुमनबाईंची जागा रिकामी राहिली, तेव्हा ती सगळ्या गेल्यावर मागे थांबली.

"मी बोलले ते चुकलं का, सारिकाताई?" पलकनंच विषय काढला. "पण बाहेरचं कुणीच आलं नव्हतं त्या आठवड्यात. झाडूवालीलासुद्धा मम्मीजी पेटीला हात लावू देत नाहीत. मग राहिलं कोण?"

"सुमनअक्कांना ती लोकर हवी असती तर त्यांनी पेटीत टाकलीच कशाला असती?"

पलकनं रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. "मम्मीजींनी मनाला लावून घेतलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हापासून धड जेवत नाहीत. आपल्या घरात चोरी झाली म्हणून."

धनकुंवरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर तेच टोपडं होतं. सारिका त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकू, सुमनअक्कांवर आळ आलाय."

"मी कुठं म्हटलं ती चोर आहे?"

"नाही म्हणालात. पण ती चोर नाही, असंही नाही म्हणालात."

धनकुंवरबाईंचे हात थांबले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"जाऊ दे, सारिका. कुण्या पोरीच्या अंगावरची लोकर. बाळाला टोचलीच असती."

सारिकानं निरोप घेतला. फाटकापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

पोरीच्या अंगावरची? त्या लोकरीबद्दल मंडळात एवढंच बोलणं झालं होतं की ती मेंदी रंगाची आहे. ती आधी कुणी अंगात घातली होती, हे धनकुंवरबाईंना कुणी सांगितलं?

३

सावद्याला सुंदरबाईंच्या अंगणात केळीचा ट्रॅक्टर उभा होता. त्यांनी सारिकाला पलंगावर बसवलं, पुढ्यात केळीचे वेफर्स ठेवले आणि विचारायच्या आधीच बोलायला लागल्या.

"नवी नव्हती माय ती लोकर. उसवलेली होती. शेवयांसारखी नागमोडी. जागोजागी गाठी. पन धुतलेली होती बरं, रिठ्याचा वास येत होता. आन् गुंडे असे सुरेख, जसे काही देवापुढे ठेवायचे."

"कशाची उसवली असेल? टोपी, शाल?"

"मले काय माहीत? लोकर का बोलते?"

म्हणजे ज्या हातांनी ती विणली, त्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

"तुम्ही ती पेटीतून घेतली कधी?"

सुंदरबाई जरा ओशाळल्या. "सुमननं टाकली आन् मी उचलली. भाभी आत होत्या, त्यांची सामायिक चालू होती, जैनांची ध्यानाची बैठक असते ना, ती. सुमन म्हने, थांबा, आधी भाभींना बघू द्या. मी म्हटलं, त्यांनी काय बघायचं त्यात? आन् टाकली पिशवीत." त्यांनी वेफर्सची ताटली पुढे सरकवली. "लगेच चेहरा पडला तिचा. मले वाटलं, तिलेच विनायचं असंन."

म्हणजे लोकर सगळ्यांसाठी आलीच नव्हती. ती एकाच माणसाला दिसावी म्हणून आली होती.

"मग काकूंनी ती पहिल्यांदा पाहिली कधी?"

"फोटो टाकला ना मी ग्रुपवर, पेटीत ठेवायच्या आधीच्या रविवारी. पाठ झाली तेव्हा."

सारिकानं तो फोटो शोधला. खाली सगळ्यांचे नमस्कार, फुलं, टाळ्या होत्या. धनकुंवरबाईंचं काहीच नव्हतं. मंडळातल्या प्रत्येक फोटोवर सगळ्यात आधी त्यांचा बोललेला निरोप येई. सारिकाच्या वाकड्या मफलरलाही आला होता: 'शाबास सारिका, पुढच्या ओळी सरळ येतील.'

"तुमचा फोन द्या बरं. फोटो कुणी कुणी पाहिला ते तुमच्याच फोनवर दिसेल."

नावांच्या यादीत धनकुंवरबाई होत्या. त्यांनी फोटो त्याच रविवारी पाहिला होता. पाहून त्या गप्प राहिल्या होत्या.

सारिकानं फोन परत दिला. "सुंदरबाई, काकूंना एकच मुलगा ना? नेमीचंद?"

सुंदरबाईंनी आधी अंगणाकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. एवढ्या हळू बोलताना त्यांना सारिकानं कधी ऐकलं नव्हतं.

"एक पोरगी होती."

"होती?"

"मेली नाही. गेली. आपल्या मनानं लग्न केलं. त्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही कुनी."

४

धुळ्यात देवपुरात सुमनबाईंचा भाऊ राहत होता. पिंप्राळ्याच्या घराला कुलूप दिसल्यावर सारिका एसटीनं तिथं पोचली. सुमनबाई दारातच भेटल्या. हातात झाकलेला डबा होता.

"बस, आलीच मी," म्हणून त्या शेजारच्या घराकडे गेल्या.

त्या घरासमोर भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांची चळत भिंतीला टेकवून ठेवली होती. पायरीवर एक पस्तिशीचा माणूस बसला होता. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. सुमनबाईंनी डबा दिला तेव्हा त्यानं तो मांडीवर घेतला, पण झाकण उघडलं नाही. दारावर पाटी होती: संघपाल अहिरे.

"कोण गेलं त्यांचं?" सुमनबाई परत आल्यावर सारिकानं विचारलं.

"बायको."

त्यांनी चहा टाकला. सारिकानं सुया, फोटो, सुंदरबाईंचं बोलणं, सगळं एकेक करून पुढं मांडलं. सुमनबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"ती लोकर तुम्ही धनकुंवरकाकूंसाठी आणली होती. कुणी दिली होती, अक्का?"

"मी शब्द दिला शे."

"तुम्हाला चोर म्हणताहेत तिथं."

"म्हणू दे."

"मला तरी सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"तू चांगली बाई शे, सारिका. पण तू विचारून उपयोग नाही. जिनं विचारायचं तिनं विचारलं तरच सांगायचं, असा शब्द शे." चहा गाळताना थोडा ओट्यावर सांडला. "मी त्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहिले. सगळ्यांदेखत विचारलं, काही विचारायचं आहे का. त्या नाही म्हणाल्या."

"त्या आता विचारतील."

सुमनबाईंनी पदरानं ओटा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"आता विचारून काय होणार शे?"

परतीच्या एसटीत सारिका खिडकीशी बसली. पारोळा आलं, एरंडोल मागं पडलं. एक विचार तिच्या मनात पुन्हा पुन्हा डोकावत होता आणि ती तो पूर्ण होऊ देत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी नेमीचंद जेवून दुकानात गेल्यावर ती लुंकडांच्या घरी गेली. धनकुंवरबाई त्यांच्या खोलीत होत्या.

"काकू, स्वेटर तुमच्याजवळ आहे."

धनकुंवरबाईंनी कपाटाकडे पाहिलं.

"दुसरी कुणी असती तर तिनं सुंदरबाईंकडे मागून घेतलं असतं. त्या नाही म्हणणाऱ्या नाहीत. पण मागायचं म्हणजे कारण सांगावं लागतं. नेणारीनं सुया ठेवल्या, कारण सुया सुंदरबाईंच्या होत्या. लोकर नेली, कारण लोकर तिची स्वतःची होती. ती पोरीच्या अंगावरची आहे, हे उसवणारीला माहीत होतं आणि ज्या बाईनं ती पहिल्यांदा विणली तिला माहीत होतं. सुंदरबाईंनाही नव्हतं."

धनकुंवरबाई उठल्या. कपाटाच्या तळातून त्यांनी एक ओढणी काढली, पलंगावर ठेवली, उलगडली. आत अर्धवट स्वेटर होतं. मोकळे टाके निसटू नयेत म्हणून त्यांतून पांढरा दोरा ओवलेला होता. शेजारी तीन गुंडे.

"नाशिकला होस्टेलला होती," त्या म्हणाल्या. "तिथं थंडी फार. मेंदी रंग तिचा आवडता, पण लोकर कमी पडायला लागली. म्हणून पिवळा धागा पिळून घेतला मी घरी. असा रंग दुकानात मिळत नाही. फोटोत दिसला तेव्हा मला वाटलं, माझे डोळेच गेले."

"नाव काय तिचं?"

त्यांना नाव उच्चारायला वेळ लागला.

"प्रियल."

मग त्या सांगत गेल्या. प्रियलनं आठ वर्षांपूर्वी कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं. वडिलांनी सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, माणूस गेल्यावर करतात तशी. "मीही केली, सारिका. डोक्यावरून पाणी घेतलं." वडील पुढं वारले, पण नेमीचंदनं तोच नियम ठेवला.

"मला का नाही सांगितलंत? इतके दिवस मी येते इथं."

"तुला कसं सांगणार होते? तुमच्याच समाजातला मुलगा. तुझ्यासमोर बसून, तू माझ्या हातचा चहा पितेस आणि मी तुला सांगू, आम्ही आंघोळ का केली ते?"

सारिकाकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती वेळ नव्हती.

"आणि सुमन विचारत होती तेव्हा माझी जीभच उचलली नाही. कुठून आणली विचारायचं, तर पुढं तिचं नाव येणार. सगळ्यांदेखत. पलकसमोर." त्यांनी एक गुंडा हातात घेतला. "आणि ऐकायचं तरी काय होतं? उसवून टाकला तिनं. आईनं केलेला स्वेटर. आता काही ठेवायचं नाही, असंच ना?"

"रागानं उसवलेली लोकर अशी नसते, काकू. राग आला तर माणूस कापतो, फेकतो. ही एकेक ओळ सोडवलीय. तुटली तिथं गाठ मारलीय. रिठ्यानं धुतलीय. आणि सगळं जळगाव सोडून ती तुमच्या पेटीत पाठवलीय. आधी भाभींना बघू द्या, असं सुमनअक्का म्हणाल्या होत्या. तो निरोप होता."

धनकुंवरबाईंच्या चेहऱ्यावर सावकाश काहीतरी उजाडत गेलं. सारिकाला त्या चेहऱ्याकडे बघवेना.

"मला बोलावत होती ती?"

"मुलाचं नाव काय होतं, काकू?"

"संघपाल. धुळ्याचा."

सारिकानं डोळे मिटले. कालचा विचार आता तिला थांबवता आला नाही.

"सुमनअक्कांना विचारा," ती कशीबशी म्हणाली. "त्या धुळ्यालाच आहेत."

"फोन लाव मग."

"फोनवर नको."

दारात पलक उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं ओढणीवरच्या त्या अर्ध्या स्वेटरकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मी गाडी काढते, मम्मीजी," ती म्हणाली. "यांना मी सांगेन नंतर."

६

एरंडोल येईपर्यंत धनकुंवरबाई बोलत होत्या. प्रियलला शिकवलेली पहिली वीण, तिचं डाव्या हातानं सुई धरणं, तिला भात आवडत नसे ते. पारोळ्यानंतर त्या गप्प झाल्या. सारिका पुढच्या सीटवर होती. तिनं दोनदा मागं वळून सांगायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा समोर बघत राहिली. ते सांगायचा अधिकार दुसऱ्या कुणाला तरी दिलेला होता.

दुपार कलली होती. सुमनबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. गाडीतून कोण उतरतंय ते पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण त्या उठल्या नाहीत.

धनकुंवरबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सुमन, ती लोकर कुठून आणलीस?"

सुमनबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी धनकुंवरबाईंचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं.

"मी इथं बसूनच टोपडं विणत होते, भाभी. ती शेजारून आली आणि उभी राहिली. म्हणाली, ही कैरीची वीण तुम्हाला कुणी शिकवली? मी तुमचं नाव घेतलं. ती इथंच बसली आणि रडायला लागली. तेव्हापासून मी आले की यायची. पेटीचं विचारायची, मंडळाचं विचारायची, मम्मी काय बोलली, काय विणते, बठ्ठं विचारायची."

"कशी आहे ती?"

सुमनबाईंनी त्यांचा हात सोडला नाही.

"कॅन्सर होता, भाभी. उशिरा कळला. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तेव्हा तिनं तो स्वेटर काढला. पलंगावर पडून एक बाही तिनं उसवली. पुढं तिच्यानं होईना, मग बाकीचा मी उसवला, तिच्यासमोर बसून. म्हणाली, पेटीत टाका. बोलू नका काही. मम्मी ओळखेल. ओळखून तिनं विचारलं तर सांगा, मी इथं आहे. नाही विचारलं, तर तिला यायचं नाही असं मी समजेन. मग तिला त्रास देऊ नका."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज विरला.

"कधी?" धनकुंवरबाईंनी विचारलं.

"मी तुमच्याकडून इथं आले, त्याच शनिवारी."

"तू मला विचारलंस, त्या बुधवारी. तेव्हा ती..."

सारिकाला वाटलं, सुमनबाईंनी इथं खोटं बोलावं. एवढं एक खोटं.

"शुद्धीत होती, भाभी," सुमनबाई म्हणाल्या. "मी इथं पोचले तर तिनं आधी दाराकडे बघितलं. माझ्या मागं कुणी आहे का म्हणून."

धनकुंवरबाई रडल्या नाहीत. त्या पायरीच्या कडेला हात टेकून बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं पलक पुढं आली आणि सुमनबाईंच्या पायाशी बसली.

"मावशी, मी तुम्हाला त्या दिवशी..."

"राहू दे, पोरी," सुमनबाई म्हणाल्या. "तुला काय माहीत होतं?"

७

शेजारच्या घराचं दार उघडंच होतं. सारिका आधी आत गेली, पण तिला काही सांगावं लागलं नाही. संघपालनं तिच्या मागं दारात उभ्या असलेल्या धनकुंवरबाईंना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. एकसारखी हनुवटी, एकसारखं कपाळ. आठ वर्षं तो चेहरा रोज बघितलेल्या माणसाला ओळख करून द्यायची गरज नव्हती.

त्यानं पाणी आणून दिलं. धनकुंवरबाईंनी पेला घेतला आणि हातातच धरून ठेवला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या खाली एका लहान टेबलावर प्रियलचा फोटो. त्यांनी फोटोकडे एकदा पाहिलं. मग बघवेना म्हणून त्या खोलीकडे बघत राहिल्या: दोन खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, पलंग, पलंगाच्या शेजारची खिडकी.

"इथंच होती?"

"हो. या खिडकीपाशी. रस्ता दिसतो इथून."

त्या पलंगाजवळ गेल्या. खिडकीतून पाहिलं. मग पलंगावर हात ठेवला आणि तिथंच खाली जमिनीवर बसल्या.

"रागावली होती माझ्यावर?"

संघपालनं थोडा विचार केला. त्याचा आवाज बसलेला होता.

"तुमच्यावर नाही. माझ्यावर रागावायची. मी म्हणायचो, मी जातो जळगावला, घेऊन येतो त्यांना. ती म्हणायची, आणलेली मम्मी मला नको, आलेली हवी." तो थांबला. "मी जायला हवं होतं. तिचं ऐकायला नको होतं मी."

"मी यायला हवं होतं," धनकुंवरबाई म्हणाल्या.

पलक दाराशी उभी राहून रडत होती. ती सून म्हणून घरात आली तेव्हा प्रियलला घर सोडून वर्ष झालं होतं. नणंदेचा चेहरा ती पहिल्यांदाच, या फोटोत पाहत होती.

खिडकीतलं ऊन पिवळं व्हायला लागलं. संघपालनं बाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तो एकदम स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्यांचे आवाज आले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ताट होतं. मुगाची डाळ, दोन पोळ्या, थोडं दही. ताट त्यानं धनकुंवरबाईंच्या समोर जमिनीवर ठेवलं.

"सूर्य मावळायला थोडाच वेळ आहे," तो म्हणाला. "जळगावला पोचेपर्यंत अंधार पडेल, मग तुम्हाला जेवता येणार नाही. आत्ताच जेवून घ्या."

धनकुंवरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कांदा-लसूण नाही यात. बटाटाही नाही. या घरात आम्ही आणतच नाही."

तो 'आम्ही' म्हणाला, हे त्याच्याही लक्षात आलं. तो पाठ फिरवून पाण्याचा तांब्या भरायला गेला. तो परत येईपर्यंत धनकुंवरबाईंनी पोळीचा तुकडा मोडला होता. घास त्यांनी तोंडापर्यंत नेला. घास चावता चावता त्यांना रडू फुटलं आणि त्या रडत रडतच जेवत राहिल्या.

संघपाल त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. पहिली पोळी संपल्यावर त्यानं डब्यातून आणखी एक काढून ताटात वाढली. त्यांनी हात आडवा केला नाही.